सहरी, ड्यूटी आणि झोप

पहाटे तीन-साडेतीनला महाळुंगे किती जागे असते, याची कल्पना पेठांत राहणाऱ्या पुणेकरांना सहसा नसते. कालपरवापर्यंत मुळशी तालुक्यातले हे भातखाचरांचे गाव. एका अंगाला बालेवाडीचे क्रीडासंकुल, दुसरीकडे हिंजवडीचे रस्ते. २०२१ च्या जूनअखेरीस तेवीस गावांबरोबर तेही पुणे महापालिकेत आले आणि टॉवर चढत गेले. त्या टॉवरांच्या निम्म्या खिडक्या उत्तररात्री उजळलेल्या असतात. कुणी अमेरिकेच्या घड्याळावर संगणकासमोर बसलेले असते, कुणी शिफ्ट संपवून नुकतेच दार उघडत असते. रमजानमध्ये त्यांत आणखी काही खिडक्यांची भर पडते. तिथे सहरीची पोळी भाजली जात असते.

यातल्याच काही घरांत गणवेशाला इस्त्री चाललेली असते. विमान कंपन्यांची बहुतेक माणसे विमाननगर, खराडी या बाजूला राहतात, हे खरे. पण नवरा किंवा बायको हिंजवडीत नोकरीला असली की घर इकडे पडते आणि लोहगावचा विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो. सकाळी सहाच्या विमानावर ड्यूटी असेल तर गाडी तीनच्या आगेमागे फाटकाशी येते. त्या वेळी राधा चौक मोकळा, विद्यापीठ चौक मोकळा. परतीची गोष्ट वेगळी. संध्याकाळच्या वाहतुकीत अडकलेल्या कितीतरी रोजेदारांचा इफ्तार गाडीतच, एक खजूर आणि बाटलीतल्या पाण्यावर होतो.

२०२६ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने हा महिना दरवर्षी मागे सरकतो. २०१८ मध्ये तो मे-जूनच्या उकाड्यात होता, २०३० मध्ये जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर असा दोनदा येईल. फेब्रुवारीतला रोजा पुण्यात सुमारे १३ तासांचा, हवा बरी. उपास सोसण्याजोगा आहे. अडचण पोटाची कमी आणि झोपेची जास्त आहे.

रोजेदाराची रात्र दोन तुकड्यांत कापलेली असते. रात्रीची तरावीहची लांब नमाज आटोपून घरी येईतो दहा-साडेदहा होतात. जेवण, आवराआवर, मुलांचे अभ्यास. साडेचारला पुन्हा उठायचे, कारण पावणेसहाच्या आत सहरी संपली पाहिजे. दुकानदार दुपारी गल्ल्यामागे डोळा लावतो, शिक्षक सुटीनंतर आडवा होतो. दुपारच्या या डुलकीला ‘कैलूला’ म्हणतात आणि ती पैगंबरांची रीत मानली जाते. पण ज्याची दुपार पस्तीस हजार फुटांवर जाते, त्याने काय करायचे?

पहाटेचे चार तास

माणसाच्या शरीरात एक घड्याळ आहे. ते कसे चालते याच्या शोधाला २०१७ साली वैद्यकाचे नोबेल मिळाले. हे घड्याळ पहाटे २ ते ६ या वेळात सर्वांत मंद चालते. अंगाची ऊब उतरते, हात जड होतात, समोरचा आकडा दोनदा वाचावा लागतो. हवाई वाहतुकीच्या नियमांत या चार तासांना स्वतंत्र स्थान आहे, ते याचमुळे.

२२ मे २०१० ची मंगळूरची दुर्घटना अनेकांच्या स्मरणात असेल. दुबईहून रात्री निघालेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान सकाळी सहाच्या सुमारास उतरताना धावपट्टी ओलांडून दरीत गेले. १५८ जण गेले, आठ वाचले. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. सुमारे एक तास चाळीस मिनिटे ते झोपलेले होते. उतरण्याआधी जागे झाले, पण गाढ झोपेतून उठल्यावर काही वेळ डोके धुक्यात असते. सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर चढण्याचे तीनदा सुचवले, तरी विमान उतरवण्याचा प्रयत्न चालूच राहिला. त्या सकाळी रमजान नव्हता, रोजा नव्हता. होती ती फक्त रात्र.

इंडोनेशियातला प्रसंग तर २५ जानेवारी २०२४ चा. केंडारीहून जकार्ताला १५३ प्रवाशांना घेऊन निघालेल्या बाटिक एअरच्या विमानात दोन्ही वैमानिक एकाच वेळी झोपी गेले, तेही २८ मिनिटे. विमान वाट सोडून भरकटले, सुदैवाने सुखरूप उतरले. सहवैमानिकाच्या घरी महिन्याभराची जुळी मुले होती. ज्यांच्या घरी लहान मूल आहे, त्यांना यापुढे काही सांगायला नको.

पुण्याशी नाव जोडलेली एक घटनाही आहे. १७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूर विमानतळावर, पुण्याकडे निघणाऱ्या विमानाचे चाळिशीतले कॅप्टन बोर्डिंग गेटपाशीच कोसळले आणि वाचू शकले नाहीत. आदल्या दिवशी पहाटे ३ ते ७ या वेळेत त्यांनी तिरुवनंतपुरम-पुणे-नागपूर अशी दोन उड्डाणे केली होती. त्यानंतर २७ तासांची विश्रांती मिळाली होती, असे कंपनीने सांगितले. नियमाने पाहता ती पुरेशी होती. थकव्यामुळेच मृत्यू झाला, असे म्हणायला आधार नाही आणि म्हणूही नये. पण वैमानिकांच्या पहाटेच्या फेऱ्यांबद्दलची चर्चा त्या दिवसानंतर देशभर वाढली.

पुढच्या जानेवारीत, म्हणजे ८ जानेवारी २०२४ रोजी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, वैमानिकांच्या ड्यूटीचे नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. रात्रीच्या वेळेत पूर्वी सहा वेळा विमान उतरवता येत असे, ती मर्यादा दोनवर आली. आणि ‘रात्र’ म्हणजे काय, हेही बदलले. आधी ती मध्यरात्रीपासून पाचपर्यंत होती, आता सहापर्यंत धरतात. हा वाढलेला एक तास, पाच ते सहा, म्हणजे नेमकी सहरीची शेवटची घाई आणि फजरच्या अजानची वेळ. त्या वेळी अंगात किती त्राण असते, हे रोजेदारांच्या घराला कुणी सांगायला नको.

नियम कागदावर आले, पण अंमलबजावणी रखडली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. पुढे डिसेंबरात जे झाले ते पुणेकरांनी लोहगावला ट्रॉलीवर बसून अनुभवले. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत इंडिगोची देशभरातली अडीच हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली, तीन लाखांवर प्रवासी अडकले. नव्या नियमांप्रमाणे विश्रांती द्यायची तर तेवढे वैमानिक लागतात, त्यांची तजवीज झालेली नव्हती. डीजीसीएने कंपनीला रात्रीच्या काही नियमांतून १० फेब्रुवारीपर्यंत सूट दिली आणि जानेवारीत बावीस कोटींहून अधिक दंडही ठोठावला. सूट संपली आणि आठवड्याभराने रमजानचा चंद्र दिसला.

विमानतळावर खोळंबलेला प्रवासी साहजिकच कंपनीवर आणि क्वचित ‘आराम मागणाऱ्या’ वैमानिकांवरही चिडला. त्याचा राग समजण्यासारखा आहे. पण विश्रांतीचा नियम वैमानिकाचे लाड करण्यासाठी नाही. तो मागे १८० खुर्च्यांवर बसलेल्यांसाठी आहे. सलग १७ तास जागा असलेला माणूस थोडी दारू घेतलेल्या माणसाइतका मंदावतो, असे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले. दारू पिऊन विमानात बसणाऱ्याची तपासणी यंत्राने होते. जागरणाचे यंत्र नाही. तिथे माणसाने स्वतः होऊन सांगावे लागते, आणि तिथेच घोडे पेंड खाते.

रोजा ठेवायचा की नाही?

रोजेदार कर्मचाऱ्याला तर दोन ओझी असतात. एक थकव्याचे, दुसरे ते न सांगण्याचे. ‘आज मला जमणार नाही’ असे म्हटले तर वरिष्ठ म्हणतील, रोजा ठेवतोस कशाला? रोजा सोडला तर घरचे म्हणतील, नोकरीपुढे इमान सोडले का? मग माणूस गप्प राहतो. हे गप्प राहणेच सर्वांत धोक्याचे.

विमानातली हवा बाहेरून दिसते तितकी आल्हाददायक नसते. ती कोरडी असते, राजस्थानच्या वाळवंटाहून कोरडी म्हटले तरी चालेल. आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच. कळसूबाईचे शिखर ५,४०० फुटांचे. म्हणजे कळसूबाईच्याही वर कुठेतरी उभे राहून, पाण्याचा घोटही न घेता, अरुंद वाटेतून भरलेली ट्रॉली ढकलायची, सामान वर चढवायचे, रडत्या बाळाच्या आईला बसवायचे. भरीला गरम पाण्यात कालवलेल्या उपम्याचा वास. वैमानिक निदान बसलेला असतो. केबिन क्रू चार-चार फेऱ्या पायांवर काढतो. शिवाय डीजीसीएचे नवे नियम वैमानिकांचे आहेत, केबिन क्रूची नियमावली वेगळी. बातम्यांत मात्र दोघांना एकच समजले जाते.

इस्लामने यावर काय सांगितले आहे, हे बिगर मुस्लिम वाचकांना ठाऊक नसणे साहजिक आहे. खंत ही की अनेक मुस्लिम घरांतही ते अर्धेच ठाऊक असते. कुराणाच्या सूरह बकरामध्ये जिथे रोजे फर्ज केले, तिथेच लागोपाठ आजारी आणि प्रवासी यांना मोकळीक दिली आहे. त्यांनी सुटलेले रोजे नंतरच्या दिवसांत भरून काढावेत. याला ‘कजा’ म्हणतात. मासिक पाळीत स्त्रिया रोजा ठेवत नाहीत, त्यांचेही असेच. भारतात बहुसंख्य मुसलमान हनफी परंपरेचे. त्यांच्या हिशेबाने साधारण ७७-७८ किलोमीटरच्या पुढे जाणारा माणूस प्रवासी ठरतो. पुण्याहून उडालेले विमान हे अंतर बारा-पंधरा मिनिटांत कापते. घरून पहाटेआधी निघाले की उजाडल्यावर, रोज प्रवास करणाऱ्याचे काय, यावर आलिमांत बारकाव्यांची चर्चा आहे आणि ती ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावी. मूळ मोकळीक मात्र वादातली नाही.

पैगंबरांच्या चरित्रात या संदर्भातले दोन प्रसंग आहेत. हिजरी सन ८ मध्ये, मक्केच्या मोहिमेवर निघाले तेव्हा रमजान चालू होता. सोबतचे लोक रोज्याने व्याकूळ झाले होते, पण पैगंबरांचा रोजा आहे म्हणून कुणी सोडायला तयार नव्हते. हे कळल्यावर त्यांनी भर दिवसा पाण्याचा पेला मागवला, तो सर्वांना दिसेल असा उंच धरला आणि प्यायले. एकांतात पिऊ शकले असते. लोकांना दिसावे म्हणूनच ते उघड्यावर प्यायले.

दुसरा प्रसंग आणखी एका प्रवासाचा. उन्हाचा तडाखा होता. काहींचे रोजे होते, काहींचे नव्हते. मुक्कामाला पोचल्यावर रोजेदार गळून पडले. ज्यांचे रोजे नव्हते त्यांनी तंबू ठोकले, जनावरांना पाणी पाजले. तेव्हा पैगंबर म्हणाले ते असे की, आजचे सारे पुण्य रोजा न ठेवणाऱ्यांनी नेले. हे दोन्ही प्रसंग हदीसच्या मान्यवर संग्रहांत आहेत. जुम्म्याच्या बयानात रोज्याच्या फजिलतीवर तासभर बोलले जाते. एखाद्या जुम्म्याला त्या तंबू ठोकणाऱ्यांवरही दहा मिनिटे बोलले गेले, तर ड्यूटीवर जाणाऱ्या कितीतरी तरुणांच्या मनावरचा दगड उतरेल.

२०२४ च्या रमजानमध्ये पाकिस्तानच्या सरकारी विमान कंपनीने आपल्या वैमानिकांना आणि केबिन क्रूला उड्डाणाच्या दिवशी रोजा ठेवू नये असे बजावले. मुस्लिम देशातली कंपनी असे सांगते, याचे काहींना नवल वाटले. नवल वाटायचे कारण नाही. शेकडो जीव हातात असलेल्याने आपली शुद्ध शाबूत ठेवणे हेही इबादतीतच येते. एकादशी करणारा बसचालक घाटात साबुदाण्यावर गाडी ओढत असेल, किंवा नवरात्राचे नऊ दिवस केवळ पाण्यावर असलेली परिचारिका अतिदक्षता विभागात उभी असेल, तर तिथेही हाच प्रश्न येतो. आपल्याकडे जुनी माणसे म्हणतच की जिवाला जपून उपास करावा. दुसऱ्याच्या जिवाचे त्यात आलेच.

याचा अर्थ विमानात कुणी रोजा ठेवूच नये असा नाही. जमिनीवरच्या प्रशिक्षणाचे दिवस असतात, सुटीचे असतात, दुपारी एखादीच छोटी फेरी असते. आपल्या अंगाला काय झेपते हे ज्याचे त्याला कळते. बरेच जण ड्यूटीच्या दिवसाचे रोजे सोडतात आणि डिसेंबर-जानेवारीतल्या लहान दिवसांत कजा पुरी करतात. झोपेचाही हिशेब ठेवता येतो. सहरीनंतर दोन तास, दुपारी वीस-पंचवीस मिनिटे, तरावीह मशिदीऐवजी घरी आणि लवकर. अमेरिकेच्या ‘नासा’ने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर प्रयोग केला. आळीपाळीने सरासरी २६ मिनिटे झोप मिळालेल्या वैमानिकांची सावधानता ५४ टक्क्यांनी आणि कामगिरी ३४ टक्क्यांनी सुधारली. कैलूलाला मिळालेली ही आकड्यांची साक्ष म्हणायला हरकत नाही.

सूर्य मावळत नाही तेव्हा

प्रवासी म्हणून रोजा असेल तर आणखी एक गंमत असते. इफ्तार खालच्या गावाच्या वेळेवर करायचा की वरून दिसणाऱ्या सूर्यावर? उत्तर सूर्याचे. विमान ज्या उंचीवर आहे तिथून सूर्य दिसतो आहे, तोवर रोजा सुटत नाही. छत्तीस हजार फुटांवरून क्षितिज खाली जाते आणि सूर्यास्त जमिनीपेक्षा बारा-पंधरा मिनिटे उशिरा होतो. दुबईच्या बुर्ज खलिफातही हाच न्याय. तिथल्या धर्मविभागाने २०११ मध्ये सांगितले की ८० व्या मजल्यावरच्यांनी दोन मिनिटे आणि १५० व्याच्या वरच्यांनी तीन मिनिटे उशिरा रोजा सोडावा.

संध्याकाळी पुण्याहून दुबईला निघाले तर विमान सूर्याच्या मागे धावते. आपल्या अक्षांशावर पृथ्वी ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने फिरते, विमान साडेआठशेने पश्चिमेला जाते. परिणामी सूर्य निम्म्याच वेगाने खाली येतो आणि खजूर हातात धरून बसलेल्या माणसाला संध्याकाळ संपता संपत नाही. एमिरेट्ससारख्या कंपन्या विमानाचे स्थान आणि उंची धरून इफ्तारची वेळ काढतात आणि ती आत जाहीर करतात. आपल्याकडच्या देशांतर्गत फेऱ्यांत एखादी हवाई सुंदरी रोजेदार प्रवाशाजवळ हळूच पाण्याची बाटली ठेवून जाते. ती स्वतः कोणत्या धर्माची, हे विचारायचे कारण पडत नाही.

फाटकापाशी थांबलेला

विमानाच्या थकव्याची गोष्ट विमानतळावर सुरू होत नाही. वैमानिकाचे तास तो हजेरी लावतो तिथून मोजायला सुरुवात होते. त्याला महाळुंग्याहून लोहगावला पोचवणाऱ्या टॅक्सीचालकाचे तास कोण मोजतो? त्यानेही सहरी केलेली असते, बहुधा कुठल्या तरी पंपाच्या कडेला गाडी लावून. ॲपवरच्या टॅक्सीचालकाने दिवसात १२ तासांहून जास्त गाडी चालवू नये आणि त्यानंतर १० तास थांबावे, असे केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत होते. पण एका ॲपवरून बाहेर पडून दुसऱ्यावर चालू करायला किती वेळ लागतो? हप्ता गाडीचा, फी मुलांची, आणि ईद तोंडावर. बारा तासांची पाळी करणारा सोसायटीचा रखवालदारही त्यातच. हेच दोघे पहाटे तीनला समोरासमोर असतात. एक बॅरियर उचलतो, दुसरा गाडी पुढे घेतो, आणि मागच्या सीटवर गणवेशातला माणूस असतो. तिघांचा मिळून थकवा एकच आहे, कायद्याने फक्त मागच्याचा नोंदवला आहे. वाहतूक कामगारांसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा घालणारा कायदा १९६१ मध्येच देशात झाला होता, पण ॲपच्या गाडीत तो दिसला नाही.

गाडी बुक करणाऱ्याला यात एक गोष्ट करता येते. चालकाचे डोळे जड दिसले तर गाडी बाजूला घ्यायला सांगावी, दहा मिनिटे जाऊ द्यावीत. विमान कंपन्यांनाही एक करता येण्यासारखे आहे. रमजानचे तीस दिवस कधी येणार, हे वर्षभर आधी ठाऊक असते. ज्यांना रोजे ठेवायचे आहेत त्यांना महिन्याच्या पाळ्या लावण्याआधीच विचारले, पहाटेच्या फेऱ्यांऐवजी दुपारच्या दिल्या, आणि ‘थकलो आहे’ या अर्जाला लेट मार्क समजले नाही, तर गप्प राहणाऱ्यांची संख्या कमी होईल. मार्च २०२४ मध्ये डीजीसीएने एअर इंडियाला ८० लाखांचा दंड केला, तो विश्रांती आणि थकव्याच्या व्यवस्थापनातल्या त्रुटींसाठीच. दंडापेक्षा आधी विचारणे स्वस्त पडते.

ईदचा पेच मात्र कुणाच्याच हातात नाही. ती आज की उद्या, हे आदल्या संध्याकाळी चंद्र दिसल्यावर ठरते आणि ड्यूटीचा तक्ता त्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो. म्हणून जाणते लोक लागून दोन दिवस मागतात, मिळाला एकच तर सहकाऱ्याशी अदलाबदल करतात. दिवाळीत लक्ष्मीपूजनाची पाळी ज्याने उचलली होती, त्याची आठवण आता करून दिली जाते. तरीही कुणाला तरी जावेच लागते. त्या घरी शिरखुर्म्याची एक वाटी झाकून फ्रिजमध्ये ठेवलेली असते, आणि पहाटे तीनला येणाऱ्या गाडीचा फोन वाजेपर्यंत गजर लावलेला असतो तो आणखी चाळीस मिनिटांच्या झोपेचा.